पूररेषेतली वस्ती : उठवायची, हलवायची की उंचवायची?

विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नांदेडमध्ये दोन प्रकारची धावपळ सुरू होते. काही जण पूर बघायला गोदावरीच्या पुलाकडे निघतात, तर काही जण घरातले धान्य, गाद्या आणि पोरांची दप्तरे माळ्यावर टाकू लागतात. दुसऱ्या गटाचे पत्ते वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाहीत. खडकपुरा, गंगाचाळ, नल्लागुट्टाचाळ, भीमघाट, देगावचाळ, दुल्हेशाह रहेमाननगर ही नावे पावसाळी बातम्यांत ठरलेली असतात. ऑगस्ट २००६ च्या महापुरात नदीकाठच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि २०२५ च्या पावसाळ्यातही तिथे पाणी शिरलेच. मधल्या काळात शहरात सरकारी पैशातून घरे झाली, घाट झाले, रस्ते रुंद झाले. माळ्यावर सामान चढवणे मात्र थांबले नाही.

पुरात बुडणाऱ्या गरीब वस्तीचे काय करायचे, याला आजवर तीन उत्तरे दिली गेली आहेत. वस्ती उठवून लांब न्यायची, जवळच उंचावर हलवायची किंवा आहे तिथेच जमीन आणि जोते वर घेऊन नव्याने बांधायची. तिन्ही उत्तरे कुठे ना कुठे बरोबर ठरली आहेत आणि तिन्ही कुठे ना कुठे फसली आहेत. महाराष्ट्रातला, विशेषतः मराठवाड्यातला, गेल्या काही दशकांचा अनुभव एकत्र मांडला की उत्तरापेक्षा क्रमाला जास्त महत्त्व असल्याचे दिसते. पाण्याची पातळी, माणसांची यादी आणि जमिनीचा कागद या गोष्टी घर पाडण्याआधी, रहिवाशांसमोर बसून निकाली निघाल्या, तिथे कामे तगली. घर आधी पडले आणि कागद मागून यायचा होता, तिथे लोक अजून खेटे घालत आहेत.

पाणी कुठून येते

नांदेडला पूर येतो तो नांदेडच्याच पावसाने येतो असे नाही. पैठणला जायकवाडीतून सोडलेले, सिंदफणेवरच्या माजलगाव धरणातून आलेले आणि येलदरी-सिद्धेश्वरमार्गे पूर्णेत उतरलेले पाणी शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीत एकत्र होते. शहराच्या उशाशी असलेल्या विष्णुपुरी प्रकल्पाचे पोट या मानाने फार लहान आहे. वरून मोठा येवा आला की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. त्यातच उत्तरेकडून वळसा घालून येणारी आसना शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीला मिळते. आम्हा अर्धापूरकरांना नांदेडला जाताना हीच आसना ओलांडावी लागते, त्यामुळे तिचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. एरवी ओहोळासारखी वाहणारी ही नदी एका रात्रीच्या पावसात काठची पिके आडवी करते.

जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची पातळी ३५४ मीटर धरली जाते. प्रशासनाचे सगळे गणित या दोन आकड्यांभोवती फिरते. वस्तीतल्या माणसाचे गणित वेगळे असते, कारण त्याच्या दारात पहिले पाणी नदीच्या बाजूने येतच नाही. नदी चढली की नाल्याचे तोंड दाबले जाते आणि गटाराचे पाणी उलटे फिरते. मोरीच्या भोकातून काळे पाणी वर येते, मग संडासाच्या भांड्यातून. ते आले की बायका ओळखतात, आता रात्र जागून काढायची. नदी अजून काठाच्या आतच असते. पुलावरची पातळी इशाऱ्याच्या खाली असतानाही गल्लीत घोटाभर पाणी असू शकते, ते याच कारणाने.

दुसरे कारण आपणच तयार केलेले आहे. गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो. काही वर्षांनी निधी आला की जुना न उखडता त्यावरच नवा थर पडतो. रस्ता चढत जातो आणि घराचा उंबरठा होता तिथेच राहतो. अखेर दोन पायऱ्या चढून जायचे घर दोन पायऱ्या उतरून जायचे होते. ज्याच्याकडे पैसा असतो तो जोते वाढवतो आणि त्याच्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराकडे वळते. एकेका घराची दुरुस्ती करून पूर हटत नाही, तो शेजारी सरकतो. म्हणून हा प्रश्न घराचा धरला तर सुटत नाही, गल्लीचा आणि उताराचा धरावा लागतो.

निळी रेषा आणि ‘अधिकृत’ हा शब्द

महाराष्ट्रात पूररेषेची पद्धत १९८९ च्या पाटबंधारे विभागाच्या परिपत्रकापासून रुळली. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे.

२०२० साली राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिने नियंत्रित पट्ट्यात बांधकामाला वाट ठेवली, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. निळ्या रेषेच्या आतसुद्धा जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीला याच उंचीच्या अटीवर आणि पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीवर दार किलकिले ठेवले आहे. अट एवढीच की ती मिळकत अधिकृत असली पाहिजे. मध्यमवर्गीय सोसायटीला हा नियम आधार देतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ रोजी पाणी शिरले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी सामूहिक पुनर्विकासाची मागणी लावून धरली आणि शासनाला तिचा विचार करावा लागला. नदीपासून तितक्याच अंतरावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्याच्या हाती मात्र असा कोणताच नियम नाही. त्याच्या घराला दिलेला नळ, विजेचे मीटर, मतदार यादीतले नाव हे सगळे सरकारीच असते; घर तेवढे अनधिकृत.

नुकसानभरपाईतही हाच भेद दिसतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ नंतरच्या निकषांत सपाट भागातले पक्के घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये आणि झोपडी पडली तर ८ हजार. ज्याचे जाते ते तुलनेने कमी किमतीचे असते हे खरे, पण त्याच्याकडे दुसरे काही नसते. पंचनाम्याच्या वेळी ‘घर’ की ‘झोपडी’ हा एक रकाना भरताना तलाठ्याच्या पेनाखाली एका कुटुंबाची पुढची काही वर्षे ठरतात.

सरकारी जागेवरची निवासी अतिक्रमणे ‘सर्वांसाठी घरे’ योजनेसाठी नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्याने २०१८ मध्ये घेतला. चांगला निर्णय होता. पण निळ्या रेषेतली जागा बांधकामालाच निषिद्ध असल्याने तिथल्या कुटुंबाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. जिथे धोका सर्वांत जास्त, तिथलाच माणूस दोन्ही नियमांच्या फटीत पडतो. ओडिशाने २०१७ च्या कायद्याने शहरी झोपडीधारकांना जमिनीचे हक्क देताना धोक्याच्या जागेवरच्या कुटुंबांचा हक्कही मान्य केला आणि त्यांना पर्यायी जागेवर तो देण्याची सोय ठेवली. आपल्याकडे हा धागा सुटलेला आहे.

नांदेडने काय कमावले, काय राहिले

३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले, तेव्हा नांदेड त्यात निवडले गेले ते तख्त सचखंड श्री हजूर साहिब आणि २००८ च्या गुरुता-गद्दी त्रिशताब्दीमुळे. एवढ्या लोकसंख्येच्या शहराला एरवी असा निधी मिळालाच नसता. त्यात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा देण्याची उपयोजनाही होती. साधारण २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपासचे घर आणि लाभार्थ्याचा १० ते १२ टक्के हिस्सा, असे तिचे स्वरूप होते. नांदेडने या योजनेत एक शहाणपणा दाखवला. वस्त्या उचलून शहराबाहेर चार मजली खुराड्यांत कोंबण्याऐवजी बहुतांशी आहे तिथेच घरे बांधण्यावर भर दिला. माणसाची मजुरी, मुलांची शाळा, दर्गा, विहार, मंदिर, उधारी देणारा किराणावाला हे सगळे जागेवर राहिले. देशातल्या कित्येक मोठ्या शहरांत याच योजनेतल्या लांबच्या इमारती ओस पडल्या, हे लक्षात घेतले तर नांदेडची ही निवड मोलाची ठरते.

योजनेच्या सात हक्कांच्या यादीत पहिला हक्क जमिनीवरच्या सुरक्षित ताब्याचा होता. घर, पाणी, स्वच्छता, शिक्षण, आरोग्य, सामाजिक सुरक्षा हे त्याच्या मागून यायचे होते. देशभर झाले उलटे. मोजायला सोपे असते घर, म्हणून घरे मोजली गेली. जमिनीच्या पट्ट्याचे काम महसूल, महापालिका आणि नगररचना या तीन खात्यांच्या टेबलांवर फिरत राहिले. हप्ते वेळेवर न आल्याने कामे मुदतीनंतरही रेंगाळली. जुने घर पाडून बसलेल्या कुटुंबाला भाड्याच्या खोलीत काढावे लागलेले महिने कोणत्याही अहवालाच्या खर्चात धरलेले नसतात.

आणखी एक गोष्ट राहिली, ती जमिनीच्या पातळीची. जुन्याच जागेवर, जुन्याच उंचीवर पक्के घर बांधले तर भिंत वाहून जात नाही, हा फायदा नक्की होतो. पण पाणी आत येतेच. कच्च्या घरातून ते निघून जायचे, पक्क्या घरात ते साचते. पूर येणाऱ्या वस्तीत जागेवर पुनर्बांधणी करायची तर आधी नाला, मग गल्लीचा उतार, मग जोते आणि शेवटी भिंत असा क्रम हवा. निधी घराच्या नावाने येतो आणि नाल्याचा वेगळ्या खात्यातून, म्हणून हा क्रम मोडतो.

किल्लारीने शिकवलेले

लोकांना बरोबर घेऊन पुनर्वसन कसे करावे, याचा मराठवाड्याजवळ असलेला सर्वांत मोठा अनुभव पुराचा नाही, भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम उभा राहिला, त्याने नकळत एक तुलना मांडून ठेवली. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. दुसरीकडे कमी नुकसान झालेल्या गावांत घरमालकाच्या हाती पैसे आणि साहित्य देऊन जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्यात आले. अशी घरे दोन लाखांच्या आसपास होती.

नव्या गावांत घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. सरळ रेषेतले रुंद रस्ते, ओळीने घरे. नकाशा बघायला देखणा होता. पण जुन्या गावात भावकी एका बोळात असायची, दोन घरांमधल्या अरुंद वाटेत दिवसभर सावली असायची, गुरे वाड्याच्या आत बांधली जायची. नव्या गावात ती सावली गेली, गुरांची जागा गेली आणि शेत लांब पडले. लोकांनी हळूहळू स्वतःच शेड, पडवी, गोठा उभा करून नकाशा आपल्या सोयीचा करून घेतला. सुरक्षितता मिळाली हे नाकारता येणार नाही, पण ती कुणाला विचारून आखली होती, हा प्रश्न उरला.

दुरुस्तीच्या गावांत वेगळी रीत बसली. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. हप्ता कशासाठी आहे, दगडी भिंतीत जोडदगड कुठे घालायचा, सिमेंटचा पट्टा कोणत्या उंचीवर येतो, गवंडी कुठे हात आखडता घेतो, हे त्या शिकल्या आणि दारोदार जाऊन सांगू लागल्या. अभियंत्याला गावात कुणाशी बोलायचे ते कळले आणि गावाला अभियंत्याला काय विचारायचे ते कळले. त्यातल्या कित्येक जणी पुढे बचतगटांच्या कामात राहिल्या. पुराच्या वस्तीतही हे जसेच्या तसे लागू होते. पाणी घरात कुठून शिरते, किती वेळ थांबते, कोणत्या ओट्यापर्यंत चढते, हे घरातल्या बाईइतके नेमके कुणालाच माहीत नसते. तिचे हे ज्ञान नकाशावर आले तर पूररेषेची मोजणी गल्लीपर्यंत उतरते.

पुण्याचे तीन अनुभव

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मुठेकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळच्या मानाने काम झपाट्याने झाले, लोक उंच जागी गेले आणि शहराबाहेर फेकलेही गेले नाहीत, कारण शहर त्यांच्याकडेच वाढत आले. पण पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक गृहनिर्माण संस्थांना जमीन मालकी हक्काने देण्याचा निर्णय व्हायला २०१९ साल उजाडले. घर वर्षा-दोन वर्षांत मिळाले, कागदाला पाच दशकांवर काळ लागला. आज त्याच लोकमान्यनगरचा पुनर्विकास करायचा तर तो म्हाडाने एकत्रित करायचा की इमारतनिहाय रहिवाशांनी, यावर वाद आहे. सरकारी वसाहतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे असते आणि पहिल्या बांधणीत जे अर्धवट राहते ते दुसऱ्या बांधणीत भांडण होऊन वर येते.

दुसरा अनुभव येरवड्याचा. नांदेडला होती तीच मूलभूत सेवांची योजना तिथे राबवताना ‘स्पार्क’ आणि महिला मिलन या संस्था आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी वस्ती सपाट केली नाही. पक्की घरे तशीच ठेवली, कच्ची तेवढी बदलली, गल्ल्यांची जुनी वळणे राखली. घराचे निरनिराळे नमुने लोकांपुढे ठेवून त्यांच्याकडून निवड करून घेतली. जागा अगदीच चिंचोळी होती तिथे शेजारच्या दोन-तीन कुटुंबांना एकत्र येऊन वर चढायला सुचवले. काम वेळखाऊ झाले, ठेकेदाराला ते सोयीचे नव्हते. पण बांधून झालेल्या घरात माणसे राहिली. सांगलीतही ‘शेल्टर असोसिएट्स’ने घराघराची मोजणी करून, वस्तीचे नकाशे आधी तयार करून असेच काम उभे केले होते.

तिसरा अनुभव आंबिल ओढ्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला लोंढा आला, भिंती कोसळल्या आणि माणसे दगावली. ओढा मोकळा करायला हवा, यावर कुणाचे दुमत नव्हते. पण २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात आणि करोनाच्या सावटात, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर बुलडोझर गेला. रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. लोकांचा सवाल सोपा होता. ओढा अरुंद करणाऱ्या भिंती आणि इमारती वरच्या अंगालाही आहेत, मग ओढ्याची रुंदी आमच्याच घरापासून का मोजता? पुराचे कारण पुढे करून जमीन मोकळी केली जाते, हा संशय एकदा रुजला की पुढची खरी सुरक्षा योजनाही लोक मानत नाहीत. संशय घालवण्याचा मार्ग एकच, मोजणी उघड्यावर आणि सर्वांसाठी सारखी करायची.

मुंबईचे माहुल हे वस्ती उठवण्याचे टोक. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे रासायनिक कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली गेली, आजार वाढले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की तिथे जायला नकार देणाऱ्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या. एक धोका टाळून दुसऱ्या धोक्यात नेणे याला पुनर्वसन म्हणता येत नाही.

लेंडीचा ताजा घाव

क्रम चुकला की काय होते, हे नांदेड जिल्ह्याने अगदी अलीकडे पाहिले. मुखेड तालुक्यातल्या लेंडी धरण प्रकल्पाचे काम चार दशके रखडले होते. पुनर्वसनाचे प्रश्न पूर्ण मिटलेले नसताना घळभरणी झाली. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ दरम्यान ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली या गावांत मध्यरात्री पाणी चढले. लष्कराला बोलवावे लागले. माणसे गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासकट बुडाली. गाव सोडायला लोक तयार नव्हते, असे नंतर सांगितले गेले. नव्या गावठाणात पाणी, रस्ता आणि उभे घर नसेल तर कोण निघेल? धरणाच्या वेळापत्रकात भिंत पूर्ण होण्याची तारीख असते, तशी शेवटचे कुटुंब नव्या घरात राहायला गेल्याचीही तारीख असली पाहिजे आणि पहिली तारीख दुसरीच्या आधी येता कामा नये. शहरातल्या वस्तीला हाच नियम लागू आहे.

२७० चौरस फुटांत काय मावते

नकाशावर घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकाची जागा, मोरी आणि संडास. प्रत्यक्षात त्याच घरात फळविक्याची हातगाडी लागते, शिवणयंत्र लागते, पापड-शेवया वाळवायला ऊन लागते, कुणाची एक शेळी असते, कुणाच्या घरी भंगाराची पोती रात्री आत घ्यावी लागतात. पुराच्या भीतीने खालचा मजला मोकळा सोडून घरे वर नेली तर सामान सुरक्षित राहते, पण हातगाडीवाल्याचा धंदा जिन्याच्या पायथ्याशी उघड्यावर पडतो. लिफ्टशिवायच्या तिसऱ्या मजल्यावर गुडघेदुखीची म्हातारी एकदा चढली की उतरत नाही. पुरात ती सुरक्षित आणि उरलेले वर्षभर कैदेत.

याला उत्तरे आहेत, ती रहिवाशांशी बोलल्यावर सापडतात. खालचा मजला मोकळा ठेवायचा, पण तो वाहनतळाच्या नावाखाली न सोडता जाळीचे गाळे करून गाड्या, यंत्रे आणि धंद्यासाठी द्यायचा; पूर आला तर तिथले सामान हलवायला रुंद उतरण ठेवायची. वृद्ध आणि अपंगांची घरे लाल रेषेच्या वरच्या पहिल्या मजल्यावर, बाकीची वर. विजेचे मीटर आणि पाण्याच्या मोटारी वरच्या पातळीला. मैला उलटा येऊ नये म्हणून गटाराला एकदिशा झडप. गच्ची कुलूपबंद न ठेवता पुराच्या दिवशी आसरा म्हणून उघडी ठेवायची. यातले काहीच महागडे नाही. फक्त निविदा निघण्याआधी ते कुणीतरी विचारलेले असावे लागते.

बाहेरच्या जगाकडे एक नजर

२०११ च्या महापुरानंतर बँकॉकने लाट फ्राव कालवा रुंद करायचे ठरवले. कालव्यात खांब रोवून उभ्या असलेल्या हजारो घरांचा प्रश्न होता. थायलंडमध्ये २००३ पासून चालू असलेल्या ‘बान मनकोंग’ कार्यक्रमाची चौकट तिथे वापरली गेली. वस्तीने आधी बचतगट आणि सहकारी संस्था काढायची, संस्थेने सरकारी जमीन दीर्घ मुदतीच्या सामूहिक भाडेपट्ट्याने घ्यायची, घरे पात्रातून मागे घेऊन काठावर नव्याने बांधायची. कालव्याला रुंदी मिळाली आणि बऱ्याच कुटुंबांना काठ सोडावा लागला नाही. सगळे राजी झाले असे नाही, काम मंदगतीने चालले. पण सामूहिक पट्ट्यामुळे एकट्यादुकट्याला पैसे देऊन उठवणे अवघड झाले. सहकारी संस्थांची एवढी जुनी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही वाट परकी वाटायला नको.

अमेरिकेतल्या नॉरफोक शहरात टाइडवॉटर गार्डन्स ही १९५० च्या दशकातली ६१८ घरांची सरकारी वसाहत भरतीच्या पाण्याने वारंवार तुंबायची. ती पाडून तिथे मिश्र उत्पन्नाची वसाहत आणि पाणी मुरवणारा हिरवा पट्टा आखला गेला. पाण्याचे नियोजन उत्तम होते. वाद झाला तो परत येणाऱ्यांच्या घरांच्या संख्येवरून आणि २०२० मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. श्रीमंत देशातही प्रश्न तोच निघाला : पूर हटल्यावर त्या कोरड्या जमिनीवर राहणार कोण?

अर्धापूरसारख्या गावांचे काय

नांदेडला अभियान मिळाले, महापालिका आहे, अभियंते आहेत. अर्धापूरसारख्या नगरपंचायतीच्या गावाला हे काही नाही. तालुका केळीचा, इसापूरच्या कालव्याने भिजणारा. राष्ट्रीय महामार्गामुळे गाव पसरत चालले आहे. स्वस्त प्लॉट मिळतो तो ओढ्याच्या कडेला आणि गरीब कुटुंब तिथेच घर टाकते. आजची पद्धत अशी की प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख रुपये मिळतात. प्रत्येक जण आपापल्या पैशात, आपापल्या उंचीवर बांधतो. नाल्याचा विचार कुणाच्याच अर्जात नसतो.

छोट्या गावाला एक फायदा मात्र आहे. इथे वस्ती अजून दाट झालेली नाही, ओढे पूर्ण बुजलेले नाहीत आणि गावठाणाजवळ उंचावरची सरकारी जागा शोधली तर सापडू शकते. गल्लीनिहाय जोत्याची किमान उंची ठरवून ती घरकुलाच्या पहिल्या हप्त्याची अट केली, ओढ्याच्या कडेच्या कुटुंबांना हाकेच्या अंतरावर जागा देऊन पट्टा नवरा-बायकोच्या नावे केला आणि ओढ्याकाठ भराव टाकणाऱ्या बड्या प्लॉटधारकालाही तोच नियम लावला, तर खडकपुऱ्यासारखी वस्ती इथे तयारच होणार नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा : घर दिले की हे लोक विकून पुन्हा नदीकाठी जातात. काही जण विकतात, हे खरे. पण कोण विकतो ते पाहिले तर बहुधा ज्याचे नवे घर कामापासून लांब आहे, ज्याला देखभालीचे मासिक पैसे झेपत नाहीत किंवा ज्याला दवाखान्यासाठी एकरकमी पैसा लागला आहे तो. जवळ दिलेले, सामूहिक पट्ट्यातले घर विकणे अवघडही असते आणि त्याची गरजही कमी पडते. दुसरा आक्षेप खर्चाचा. लोकांशी बोलत बसलो तर काम लांबते आणि दर वाढतात. लांबते, यात शंका नाही. परंतु दरवर्षीची निवारा केंद्रे, पंचनामे, सानुग्रह अनुदान, साथीचे रोग आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुणी एका वहीत लिहीत नाही, म्हणून घाईचे काम स्वस्त वाटते.

निळ्या रेषेच्या आतल्या प्रत्येक घराला जागेवर राहू द्या, असे म्हणणेही बेजबाबदार ठरेल. दर काही वर्षांनी गळ्याइतके पाणी येणाऱ्या जागेवरून माणसांना हलवावेच लागेल. तिथेच राहू द्या असा हट्ट धरणाऱ्या पुढाऱ्याला मते हवी असतात, पुराच्या रात्री तो तिथे नसतो. पण हलवायचे म्हणजे त्याच प्रभागात, त्याच शाळेच्या परिघात, आधी बांधून तयार असलेल्या घरात. मधल्या पट्ट्यातल्या वस्त्या नाला, उतार आणि जोते यांची एकत्र आखणी करून जागेवर उंचावता येतील. लांब नेण्याची पाळी फारच थोड्यांवर येईल, तीही त्यांनी जागा पाहून होकार दिल्यावर.

यासाठी नव्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या पावसाळ्याआधी महापालिकेने प्रत्येक पूरप्रवण वस्तीत पाण्याची खूण भिंतीवर रंगवून घ्यावी, घरनिहाय यादी चावडीवर किंवा समाजमंदिरात लावून हरकती घ्याव्यात, जागेवर राहणारे आणि हलणारे असे दोन भाग वस्तीच्या सभेत ठरवावेत आणि दोन्ही भागांना पट्ट्याचा लेखी हक्क द्यावा. पहिली भिंत पाडण्याची परवानगी त्यानंतर. हा क्रम पाळण्याचे बंधन घरबांधणीच्या प्रत्येक निविदेत घातले, तर ठेकेदार, अधिकारी आणि रहिवासी तिघांनाही आपापली जबाबदारी टाळता येणार नाही.